मुंगसाच्या तावडीतून सुटलेली तलंग: औषधांच्या पिशवीत काय हवं, काय नको

दिवसा मुंगूस नाहीतर घार, रात्री बोका, रानमांजर किंवा भटकं कुत्रं. खुराड्यावर यांतलं कुणीही पडलं की एखाददुसरी तलंग, म्हणजे अंडी सुरू न झालेली तरुण कोंबडी, वाचते आणि कोपऱ्यात पिसं फुलवून, मान आत ओढून बसलेली सापडते. मग घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये पळतं आणि काउंटरवर जे पुढे येईल ते उचलून आणतं. जांभळं औषध, स्प्रे, मलम, पावडर, एखादी कॅप्सूल. यातलं निम्मं सामान गाई-म्हशींसाठी बनलेलं असतं, उरलेलं माणसांसाठी. 600-700 ग्रॅमच्या पक्ष्याला त्यातलं काय मानवतं आणि काय बाधतं, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून ही एकेका वस्तूची पारख.

आमचा क्रम आधीच सांगून टाकतो. पहिला नंबर बल्ब आणि क्रेट, दुसरा सलाइनची बाटली, तिसरा पोविडोन आयोडीन. स्प्रे-मलमं चौथी. वेदनाशामक आणि अँटिबायोटिक डॉक्टरांच्या हातून. आणि गोठ्यातली अळीची पावडर पिशवीतसुद्धा नको.

बल्ब आणि क्रेट

औषधाच्या आधी बल्ब कशाला, असं वाटेल. कारण असं की हल्ल्यानंतर पहिल्या काही तासांत तलंग जाते ती बहुतेकदा जखमेनं नव्हे, धक्क्यानं आणि गारठ्यानं. कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवी 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पाठीची पिसं उपटलेली, रक्त गेलेलं, कुत्र्याच्या लाळेनं भिजलेलं अंग. ही उष्णता टिकणार कशी? पायाची बोटं हाताला थंड लागली, डोळे आपोआप मिटायला लागले, की ओळखावं. अशा वेळी तिला नळाखाली धरून खसाखसा धुणं म्हणजे उरलीसुरली ऊबही काढून घेणं. जखम कितीही घाण दिसो, वाहतं रक्त थांबवायचं आणि तासभर तरी तिला उबेत, अंधारात, एकटं सोडायचं. धुणं त्यानंतर.

रक्त थांबवायला स्वच्छ सुती कापड दाबून धरा, पाच मिनिटं, मध्ये उचलून न बघता. पक्ष्यात रक्त वजनाच्या साधारण 7 टक्के. म्हणजे 700 ग्रॅमच्या तलंगेत जेमतेम 50 मिली. पोह्याचा एक चमचा भरेल एवढं रक्त गेलं तरी तिच्या दृष्टीनं ते पुष्कळ असतं. तुटलेल्या कोवळ्या पिसाच्या नळीतून ठिबकत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबलं की बहुतेकदा थांबतं. उघड्या मांसात मात्र कॉर्नफ्लॉवर, कॉफी, चुना, चुलीतली राख यातलं काहीच भरायचं नाही. ते नंतर धुऊन निघत नाही.

बल्ब घेताना दुकानदार एलईडी पुढे करतो. त्यानं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुना 60 वॅटचा तारेचा बल्ब मिळाला तर उत्तम. नसेल तर पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात इन्फ्रारेड बल्ब मिळतो. त्यात 100 वॅटचा पुरे. 250 वॅटचा दिवा ब्रूडरमधल्या पिल्लांच्या घोळक्यासाठी असतो, एका क्रेटवर लावला तर पक्षी भाजून निघेल. आमच्या मते सगळ्यात चांगला तो सिरॅमिक हीटर, पाळीव सरडे-कासवांच्या सामानात मिळतो तो. तो उजेड न देता ऊब देतो, त्यामुळे पक्ष्याला रात्र मिळते आणि तो झोपतो. फक्त त्याला चिनीमातीचा होल्डर लागतो. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. आणि कोणताही बल्ब घेताना तो टेफ्लॉनचा लेप दिलेला ‘शॅटरप्रूफ’ नाही ना, हे बघून घ्या. तो लेप तापला की निघणारा वायू पक्ष्यांना जीवघेणा असतो.

बल्ब क्रेटच्या एकाच टोकाला, तळापासून दीड फुटावर. त्याच्या खाली 28 ते 30 अंश, दुसऱ्या टोकाला घरातलं नेहमीचं तापमान. तलंग स्वतःच जागा निवडते. बल्बखालून हलत नसेल तर ऊब कमी पडतेय. चोच उघडून धापा टाकत, पंख अंगापासून सोडून लांबच्या कोपऱ्यात गेली असेल तर जास्त होतेय. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बल्बचा विचारच नको, तिथे सावली आणि वारा शोधावा लागतो. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली, दोन पदरी कापडात गुंडाळून.

क्रेट म्हणजे टोमॅटोचं प्लॅस्टिक क्रेट. डालगं चालत नाही असं नाही, पण बांबूच्या फटीत घाण अडकते आणि ते फिनेलनं घासता येत नाही. क्रेटला चहूबाजूंनी कापड, वर जाळी. जाळी बाहेरच्या माश्यांसाठी. तळाला भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा नेहमीच्या कोंबड्यांना ठीक, पण तो उघड्या जखमेत चिकटतो. जुनी सुती साडी घडी करून घाला, दिवसातून दोनदा बदला. नुसता वर्तमानपत्राचा कागद घातला तर पाय घसरतात आणि आधीच अशक्त पक्ष्याचे पाय फाकतात.

सलाइन: पिशवीतली सगळ्यात मोलाची बाटली

मेडिकलमध्ये ‘एनएस 500 मिली’ मागा. नॉर्मल सलाइन, 0.9 टक्के. काही ठिकाणी ‘डीएनएस’ हातात देतात. ते परत करा. त्यात डेक्स्ट्रोज असतं. जखमेभोवतीची पिसं चिकट होतात आणि मुंग्या-माश्यांना आमंत्रण मिळतं. रिंगर लॅक्टेट मिळालं तर तेही चालतं. दुकान लांब असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा.

बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून हाताला सुखद लागेल एवढी गरम करा. सोबत 20 मिलीची सिरिंज आणि 18 नंबरची सुई. सुई टोचायची नाही. दोन-तीन इंचांवरून जखमेवर धार मारायची. त्या जाडीच्या सुईतून येणाऱ्या धारेचा जोर माती, लाळ, पिसांचे तुकडे उखडायला पुरेसा असतो आणि मांस दुखावण्याइतका नसतो. एका वेळी 100 ते 200 मिली. नुसता कापूस भिजवून पुसला तर घाण निघत नाही, फक्त पसरते, वर कापसाचे तंतू आत राहतात. पुसायचंच असेल तर गॉज, म्हणजे मेडिकलमधलं जाळीदार पट्टीचं कापड, घ्या.

धुण्याआधी जखमेभोवतीची पिसं बोथट टोकाच्या कात्रीनं एक-दीड सेंटिमीटरपर्यंत कापा. कात्री सलाइनमध्ये बुडवून कापली की तुकडे पात्याला चिकटतात, जखमेत पडत नाहीत. पिसं उपटू नका. कोंबडीची कातडी पातळ असते, ओढली की चिरत जाते. पिसं कापल्यावर बहुतेकदा कळतं की एक जखम दिसत होती आणि आहेत चार. मांजराचे आणि मुंगसाचे सुळे बारीक भोकं पाडतात. वरून ठिपका, खाली खोल. मान, डोक्याची मागची बाजू, पंखाखाली आणि शेपटीच्या वर अशी चारही ठिकाणं बोटांनी पिसं उलटी करून तपासा. कुत्र्याच्या चाव्यात उलट होतं: बाहेर फारसं काही नाही आणि आत मांस चेचलेलं.

सलाइनची एक मर्यादा आहे आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. पाठीवर किंवा बरगडीजवळ खोल भोक असेल, श्वासाबरोबर त्यातून बुडबुडे येत असतील, तर तिथे धार मारायची नाही. पाणी थेट श्वसनमार्गात उतरतं. पंखाच्या वरच्या हाडाचा तुकडा होऊन टोक बाहेर आलेलं असेल तरी तेच, कारण ते हाड आतून पोकळ आणि याच पिशव्यांना जोडलेलं असतं. अशा जागा ओल्या गॉजनं टिपायच्या आणि डॉक्टर गाठायचे. जखमेजवळ कातडी फुगून बोटाखाली कुरकुरत असेल तर ती हवा आहे, पू नव्हे. थोडी असेल तर बऱ्याचदा काही दिवसांत आपोआप जिरते. वाढत चालली तर डॉक्टर.

उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवली तरी दुसऱ्या दिवसापर्यंतच वापरावी. शंभर रुपयांच्या आतली वस्तू, काटकसर इथे करू नये.

पोविडोन आयोडीन

चांगलं, पण दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे बाटली. ‘सोल्यूशन’ आणि ‘सर्जिकल स्क्रब’ शेजारी शेजारी असतात. स्क्रबमध्ये साबणासारखा घटक असतो, तो हात धुण्यासाठी. जखमेत तो झोंबतो आणि पेशी मारतो. घ्यायचं ते सोल्यूशन, 5 टक्क्यांचं. दुसरी चूक म्हणजे ते तसंच ओतणं. 10 मिली औषध आणि 90 मिली सलाइन, म्हणजे फिक्या कोऱ्या चहासारखा रंग येतो. तेवढं पातळ पुरतं. जाड तपकिरी थर दिला म्हणून जंतू जास्त मरत नाहीत, नवीन येणारी कातडी मात्र मरते. पहिले तीन-चार दिवस रोज एकदा. खाली गुलाबी, दाणेदार मांस दिसू लागलं की आयोडीन बंद, नुसतं सलाइन, तेही एक दिवसाआड.

डेटॉल-सॅव्हलॉन घरात असतातच म्हणून वापरले जातात. क्रेट आणि हात धुवायला वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान होतं, पण तो फेस मांसही खातो. रोज वापरला तर जखम भरत नाही.

हळदीबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. हळदीला गुण आहेत, पण तेलात कालवून भरलेली हळद जखमेवर खपली धरते, वरून कोरडं दिसतं आणि खाली घाण तशीच राहते. शिवाय तेलकट पिसं ऊब धरत नाहीत. किराणा दुकानातल्या सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं दक्षिण आशियात उघड झालेली आहेत. ती उघड्या मांसात भरायची म्हणजे विचार करावा.

स्प्रे, मलम, पावडर

टॉपिक्युअर, चार्मिल, हायमॅक्स, स्कॅव्हॉन व्हेट ही नावं गावोगावच्या पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतात. वनस्पतींचे अर्क आणि तेलं असलेली ही उत्पादनं मुळात जनावरांच्या जखमा डोळ्यापुढे ठेवून बनवलेली. त्यांचा खरा उपयोग माश्या दूर ठेवण्याचा, आणि पावसाळ्यात तो फार मोठा आहे. माशीनं घातलेली अंडी दिवसाभरात फुटतात आणि अळ्या जिवंत मांसात शिरतात. म्हणून जून ते ऑक्टोबर यातलं एक घरात असावं. धुऊन कोरड्या केलेल्या जखमेच्या कडेनं लावायचं, खोल भोकात नाही.

स्प्रे थेट मारू नका. फुस्स आवाजानं पक्षी बिथरतो, फडफडून बसलेली खपली फाडतो. गार फवाऱ्यानं अंग आणखी थंड पडतं, आणि वास उग्र असतो. गॉजवर दोनदा फवारून, हातभर लांब जाऊन, मग गॉज टेकवायचा. डोळे, नाकपुड्या आणि चोच यांपासून लांब.

मलमाचा नियम एकच: पातळ थर. तेलकट मलमाचा गोळा थापला की आजूबाजूची पिसं भिजून बसतात. त्या दृष्टीनं 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं क्रीम आम्हाला सगळ्यात सोयीचं वाटतं. पाण्यात धुऊन निघतं, झोंबत नाही, सोललेल्या पाठीवर ओल टिकवतं. माणसांचं कोणतंही मलम घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ‘केन’नं संपणारं नाव दिसलं, लिग्नोकेन, बेंझोकेन, की ठेवून द्या. बधिर करणाऱ्या या औषधांचा डोस एवढ्याशा पक्ष्यात सहज जास्त होतो. स्टेरॉइड असलेली मलमंही नकोत. बेटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं खाजेच्या मलमात असतात. ती जखम भरणं लांबवतात आणि जंतूंना मोकळं रान देतात.

जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट. याचा एकच खरा फायदा: लाल रंग झाकला जातो, त्यामुळे बाकीच्या कोंबड्या टोचत नाहीत. पण कर्करोगाच्या शंकेमुळे अंडी-मांसाच्या पक्ष्यांत ते टाळलेलंच बरं. शिवाय जखम जांभळी झाली की खाली लाली वाढतेय की कमी होतेय हे दिसतच नाही. तलंग वेगळी ठेवली असेल तर रंगाची गरज उरत नाही.

आता ती पावडर. गोठ्यातल्या जनावरांच्या जखमेतल्या अळ्यांसाठी मिळणाऱ्या पावडरीत कौमाफॉस आणि प्रोपॉक्सर अशी कीटकनाशकं असतात. 300 किलोच्या बैलाच्या खुरात भरायची वस्तू 600 ग्रॅमच्या तलंगेच्या पाठीवर टाकली, की कातडीतून शोषली जाते आणि ती चोचीनं साफ करताना पोटातही जाते. लाळ गळणं, पाय लटपटणं, श्वास अडकणं, मृत्यू. टर्पेंटाइनचंही तेच. अळ्या दिसल्या तर कोमट सलाइनची धार आणि चिमटा, एकेक करून. पुन्हा चार तासांनी बघायचं, कारण बारीक अळ्या पहिल्या फेरीत दिसत नाहीत. खूप असतील तर डॉक्टर वजनावर आयव्हरमेक्टिन देतात.

ज्या गोष्टी बघून उगाच घाबरायला होतं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी हिरवी पडते. अनेकजण सडलं म्हणून आशा सोडतात. हा नुसता मुका मार असतो. माणसाचा काळानिळा डाग पुढे पिवळा होतो, कोंबडीचा हिरवा होऊन तिथेच थांबतो, कारण हिरवं रंगद्रव्य पुढे मोडणारं एन्झाइम तिच्यात नसतं. आठवड्याभरात विरतं. सडणं ओळखायचं ते वासावरून, काळ्या-गार कातडीवरून आणि खाणं सुटण्यावरून.

पू मात्र उलटा फसवतो. कोंबडीचा पू वाहत नाही. घट्ट, पिवळट गोळा होऊन आत बसतो. त्यामुळे ‘पू ओढणारं’ मलम किंवा शेक देऊन काही निघत नाही. कातडीखाली कडक गाठ लागली तर ती डॉक्टरांनी उघडून काढावी लागते.

पोटातली औषधं

मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि पक्ष्यात ते एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. म्हणून मांजरानं धरलेली तलंग वरून ठणठणीत दिसली, एकच ठिपका दिसला, तरी पहिल्या 24 तासांत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मुंगूस आणि कुत्र्याच्या खोल चाव्यालाही तेच. कोणतं आणि किती, हे डॉक्टर वजनावर ठरवतात. म्हणून फोन करण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करा. घरात उरलेली अर्धी कॅप्सूल पाण्यात घालून देण्यानं डोस नेमका किती गेला हे कुणालाच कळत नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं जुनं पाकीट कुणी दिलं तर घेऊ नका. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली आहे. जे औषध दिलं त्याचा मांसासाठीचा आणि अंड्यांसाठीचा सुटीचा काळ, म्हणजे औषधानंतर किती दिवस ती खायची नाहीत, हे विचारून क्रेटवर लिहून ठेवा.

वेदनाशामक हवंच, कारण दुखणारा पक्षी खात नाही. पण डायक्लोफिनॅक नाही. जनावरांसाठी त्याचा वापर 2006 पासून बंद आहे, कारण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातकच. डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅम देतात, किलोला 0.5 ते 1 मिलिग्रॅम. इथे हिशोब चुकतो तो असा: 5 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या औषधातून 600 ग्रॅमच्या तलंगेला 0.5 च्या दरानं लागतं 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे 0.06 मिली. हे मोजायला इन्सुलिनची सिरिंजच हवी, आणि ती आपल्याकडे दोन प्रकारची मिळते. यू-40 सिरिंजवर 40 खुणा म्हणजे 1 मिली, यू-100 वर 100 खुणा. एकीवर हा डोस अडीच खुणांच्या किंचित खाली, दुसरीवर सहा. सिरिंज बदलली आणि खूण तीच धरली तर डोस अडीचपट होतो. गाईंसाठी मेलोक्सिकॅमबरोबर पॅरासिटामॉल मिसळलेली औषधंही असतात, नाव जवळपास तेच. लेबल वाचा. आणि तलंग गार आणि पाणी न प्यालेली असताना हे औषध देऊ नका. आधी ऊब, मग पाणी, मग मेलोक्सिकॅम. कोरड्या पडलेल्या शरीरात ते मूत्रपिंडावर बसतं.

पाणी आणि खाणं

ओआरएसचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांत मिळतं. त्यात एकूण साडेवीस ग्रॅम क्षार-साखर असा जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला आणि लिटरभर पाणी, हे माणसाचं प्रमाण. तलंगेला एका पाकिटाला दीड ते दोन लिटर पाणी करा, कारण कोंबडीच्या पिल्लांना मीठ लवकर बाधतं. शेजारी साध्या पाण्याचं भांडंही हवं. पहिला दिवस, फार तर दुसरा. नंतर साधं पाणी. फळांच्या चवीचे तयार डबे घेऊ नका, त्यात साखर भरमसाट असते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली, पण जुना माल कुठे कुठे असू शकतो.

चोच उघडून पाणी ओतणं हा खात्रीनं मारण्याचा मार्ग. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. सिरिंज सुईशिवाय घ्या, चोचीच्या बाजूला एक थेंब लावा, ती गिळेपर्यंत थांबा, मग दुसरा. मान लुळी पडली असेल, गिळत नसेल, तर थेंबही नको.

खायला ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं तयार खाद्य, कोमट पाण्यात मऊ करून, त्यात उकडलेल्या अंड्यातला थोडा पिवळा भाग कुस्करून. मांस भरून यायला प्रथिनं लागतात, नुसता भात-ज्वारी पुरत नाही. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य, लेअर मॅश, मात्र नको: अंडी सुरू न झालेल्या तलंगेला त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडाला जड जातं. व्हिटॅमिनचं टॉनिक ऐच्छिक. घ्यायचंच तर लेबलवरचा डोस बहुधा 100 पक्ष्यांच्या हिशोबानं असतो, तो एका पक्ष्यावर आणून द्या.

ती खाते की नुसती चोच बुडवते, हे तिच्या गळ्याच्या पिशवीवरून कळतं. गळ्याखालची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही फुगलेली असेल तर आतडं थांबलंय. गडद हिरवी, पातळ विष्ठा म्हणजे पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय. रोज एकाच वेळी वजन. दहा टक्के घट झाली तर वाट बघू नका. आणि दाणा-पाणी जखमेतून बाहेर येताना दिसलं तर पिशवी फाटली आहे, ती डॉक्टरांनी शिवायचीच असते.

पट्ट्या

सर्जिकल चिकटपट्टी काढताना पिसांसकट कातडी येते. कागदी मायक्रोपोर त्यापेक्षा बरी. सगळ्यात चांगली कोहेसिव्ह पट्टी: ती फक्त स्वतःला चिकटते, पिसांना नाही. पण छातीभोवती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खाली-वर हललं तरच श्वास चालतो. पट्टीखाली बोट सहज सरकलं पाहिजे. पंखाचं हाड मोडलं असेल तर पंख नैसर्गिक घडीत ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळी, आणि आठ-दहा दिवसांनी सोडून सांधा हलवून बघणं. हाड साधारण तीन आठवड्यांत जुळतं, पण सलग तेवढे दिवस बांधून ठेवलं तर सांधाच आखडतो. पाठीवरची मोठी सोललेली जखम बांधण्यापेक्षा उघडी, जाळीखाली, क्रीम लावून बरी होते. टाके घालायचे ते पहिल्या काही तासांत आणि डॉक्टरांनी. फेव्हिक्विकनं कडा चिकटवल्या की जंतू आत बंद होतात.

1962

हा पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्याचा निःशुल्क क्रमांक. पक्ष्यासाठी फोन केला म्हणून संकोच नको. सांगताना प्राणी, वजन, कुणी चावलं, कधी, जखम कुठे आणि श्वास कसा, एवढं एका दमात सांगा, म्हणजे येताना योग्य सामान येतं किंवा फोनवरच डोस कळतो. जवळचा तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना सकाळी गाठणं अनेक ठिकाणी जास्त लवकर होतं. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, तिथे पक्षीही बघतात.

परत कळपात

जखम पूर्ण कोरडी, लाल दिसत नाही आणि पिसांचे कोंब आलेत, तेव्हाच. उपटलेल्या पिसांना दीड-दोन महिने लागतात, कापलेली पुढच्या पिसं-झडीपर्यंत तशीच राहतात. टोचू नये म्हणून मिळणारे कडू स्प्रे एक-दोन दिवस चालतात, पाऊस पडला की संपलं. त्यापेक्षा तीन-चार दिवस क्रेट खुराड्याशेजारी ठेवून जाळीतून ओळख करून द्या. आधी कळपातली एखादी गरीब कोंबडी तिच्या सोबतीला सोडा, मग दोघींना संध्याकाळी अंधार पडल्यावर दांडीवर बसवा. दिवसा दाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन, लांब लांब.

आणि तोपर्यंत खुराड्याची जाळी बदला. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, आणि कडेनं फूटभर जमिनीत आडवी पुरलेली. मुंगसाला सापळा किंवा विष लावायच्या भानगडीत पडू नका, तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.